इंदूरहून ब्रदर्स-डीडॅलस: बोटीवर राहून डायव्हिंग करायला निघण्याआधी

माझ्या लॉगबुकात ८३ डाईव्ह होत्या, ऍडव्हान्स्डचं कार्ड होतं, नायट्रॉक्सचं (म्हणजे जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचं) होतं, आणि तरी तांबड्या समुद्रातल्या ब्रदर्स बेटांच्या पहिल्याच डाईव्हला १८ व्या मिनिटाला टँकमधली हवा दाखवणारी माझी सुई ७० बारवर. माझ्या बडी, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदार, होत्या एक पन्नाशीच्या बाई, त्यांच्याकडे तेव्हा १२० होते आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जसं शाळेतल्या बाई गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघतात. कारण एकदम साधं. त्याआधीची माझी शेवटची डाईव्ह सात महिन्यांपूर्वीची होती. इंदुरात राहणाऱ्यांचं हेच होतं, समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, वर्षातून एकदा कधी अंदमान, कधी थायलंड, चार दिवसांत दहा-बारा डाईव्ह मारायच्या आणि मग सगळं सामान माळ्यावर. आकडा वाढत जातो, हात मात्र गंजतात.

तर जे अनुभवी आहेत आणि पहिल्यांदाच किनाऱ्यापासून लांबच्या रीफवर (प्रवाळाच्या खडकांवर), सात दिवस बोटीवर राहून डायव्हिंग करायचं म्हणतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवीन शिकणाऱ्यांनी यावरून बुकिंग करू नये प्लीज.

आधी जागा समजून घ्या. तांबड्या समुद्रात इजिप्तच्या बाजूला ब्रदर्स, डीडॅलस आणि एल्फिन्स्टन (मुंबईचं जुनं स्टेशन नव्हे) अशा तीन रीफ एका फेरीत करतात. ब्रदर्स म्हणजे भर समुद्रात दोन छोटी बेटं, एकमेकांपासून साधारण किलोमीटरभर, मोठ्यावर १८८३ चं दीपगृह. बेट पाण्याबाहेर इतकंसं दिसतं पण खाली भिंत सरळ अंधारात जाते, तळ दिसतच नाही. मोठ्या ब्रदरवर दोन बुडालेली जहाजं आहेत, न्यूमिडिया आणि आयडा. न्यूमिडिया १९०१ मध्ये बुडालं, ते लिव्हरपूलहून आपल्या कलकत्त्याला चाललं होतं आणि त्यात रेल्वेचं सामान होतं, आगगाडीची चाकं अजून तिथे पडलेली दिसतात. मला ती बघून उगाचच भरून आलं, निघाली होती आपल्याकडे आणि तिथेच राहिली. डीडॅलसला पण दीपगृह आहे, लांबलचक धक्का आहे, आणि उत्तरेच्या टोकाला उन्हाळ्यात हॅमरहेड शार्क येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर ओशनिक व्हाईटटिप शार्क, ज्याला डायव्हर लोक लाँगिमॅनस म्हणतात, तो बोटीखालीच घिरट्या घालत असतो. म्हणजे काय बघायचंय त्यावरून महिना ठरवा, सुट्टी कधी मिळते त्यावरून नव्हे. मला माहितीये दिवाळीची सुट्टी जोडून मिळते, आणि योगायोगाने ती लाँगिमॅनसला बरोबर पडते, पण दिवाळीला घरी नसण्याची किंमत काय असते ते ज्याचं त्यानं बघावं.

या रीफ मरीन पार्कात येतात त्यामुळे किमान ५० डाईव्ह लॉग असल्याशिवाय नेत नाहीत, तिथे नाईट डाईव्हला बंदी, ग्लोव्हज घालायला बंदी. ५० ही नियमाची ओळ झाली. माझा हिशोब असा, की निघायच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत निदान सहा-सात डाईव्ह झालेल्या पाहिजेत आणि त्यातल्या दोन तरी करंटमध्ये, म्हणजे पाण्याच्या जोरदार प्रवाहात. इंदूरवाल्याला हे कसं जमायचं? मी दुसऱ्या ट्रिपच्या आधी सरळ चार दिवस अंदमानला जाऊन आलो, खर्च झाला, पण तो खर्च मी आता ट्रिपच्याच खर्चात धरतो. ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी एक-दोन दिवस आधी इजिप्तमधल्या हुरघाडाला पोचून किनाऱ्याजवळ डाईव्ह कराव्यात, बोटीवरची चेक डाईव्ह तेवढ्याला पुरत नाही, ती फक्त बुडायला शिशाचं वजन किती लागतं ते बघायला असते.

आणि मधल्या काळात स्विमिंग पूल. हसू नका. एसएमबी, म्हणजे तो नारिंगी लांब फुगा जो पाण्याखालून सोडला की वर उभा राहतो आणि बोटवाल्याला कळतं तुम्ही कुठे आहात, तो सोडायची सवय पूलमध्येच लागते. आमच्या सोसायटीच्या पूलमध्ये पहाटे साडेपाचला मी तळाशी बसून स्पूल, म्हणजे फुग्याच्या दोरीचं रीळ, सोडत होतो, वरून वॉचमन ओरडतोय, "भिया, बच्चों का गुब्बारा अंदर चला गया क्या?" दोन मीटर पाण्यात तुम्हाला तो फुगा, स्पूल, श्वास आणि स्वतःची उंची हे चारही एका वेळी सांभाळता आलं नाही तर उसळत्या समुद्रात पाच मीटरवर येणार नाही. नीट बघा काय करायचं ते: स्पूलची दोरी फुग्याला आधीच अडकवून ठेवायची, स्पूल हातात सैल धरायचा, बोट भोकात घालायचं नाही, क्लिप स्वतःच्या जॅकेटला (ज्यात हवा भरून आपण तरंगतो) तर कधीच लावायची नाही, वर बघायचं की डोक्यावर कोणी नाही, मग थोडीच हवा भरायची आणि सोडायचा. दोरी अडकली तर स्पूल सोडून द्या. मी एकदा सोडला नाही, सहा मीटरवरून फुग्याबरोबर मीच वर, सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधी पाच मीटरवर थांबणं, गेला उडत. हजार-दोन हजारांच्या स्पूलसाठी.

फुगा उंच घ्या, दीड-पावणेदोन मीटरचा, छोटा लाटांमध्ये दिसत नाही. दोरी ३० मीटर असलेली बरी. शिट्टी आणि छोटा टॉर्च दिवसाच्या डाईव्हला पण जॅकेटमध्ये. जीपीएसवाला बीकन परवडत असेल तर आनंदच.

आता हवेचं गणित, कारण माझी फजिती तिथेच झाली होती. सगळे म्हणतात ५० बारला वर या. उथळ रीफवर ठीक आहे. ३० मीटरवर हे धोक्याचं आहे आणि का ते पाटीवर मांडून बघा. समजा ३० मीटरवर बडीची हवा संपली आणि दोघं एकाच टँकवर, घाबरलेले, मिनिटाला दोघं मिळून ५० लिटर (पृष्ठभागावरच्या हिशोबाने). ३० मीटरला दाब ४ बार, एक मिनिट सावरण्यात गेलं तर २०० लिटर. मग मिनिटाला ९ मीटरच्या आत राहून पाच मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं, मधला दाब पावणेतीन धरला तर चारशेच्या वर. मग पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, सव्वादोनशे. झाले साडेआठशे लिटरच्या आसपास. १२ लिटरच्या टँकमध्ये हे ७० बार होतात. म्हणजे ३० मीटरवर सुई ७० वर असताना तुम्ही वर निघालेलं पाहिजे, तिथे फोटो काढत बसायचं नाही. मी त्या दिवशी नेमका तिथेच होतो आणि मला वाटत होतं अजून २० बार हातात आहेत!

हाच हिशोब घरी स्वतःच्या आकड्यांनी करा. आपला श्वास मिनिटाला किती लिटर आहे हे ज्याला माहीत नाही तो अनुभवी नाही, मग डाईव्ह कितीही असोत. डाईव्ह कम्प्युटरमधल्या (खोली-वेळ मोजणाऱ्या यंत्रातल्या) शेवटच्या तीन डाईव्हची सरासरी खोली, वेळ आणि वापरलेले बार घेतले की दहा मिनिटांत निघतं.

नायट्रॉक्स घ्या, दिवसाला तीन-तीन डाईव्ह आणि तेही आठवडाभर म्हटल्यावर शरीरात साठणारा नायट्रोजन कमी केलेला बरा. बहुतेक ३२ टक्के ऑक्सिजनचा मिळतो. ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बारच्या हद्दीने ३२ टक्क्याला पावणेचौतीस मीटर येतात, त्याच्या खाली हॅमरहेड दिसला तरी जायचं नाही, आणि हॅमरहेड नेमका ३८ ला दिसतो हा अनुभव आहे. प्रत्येक टँक स्वतः ऍनलाईझ करा, आकडा टेपवर लिहा, वहीत सही करा आणि मग कम्प्युटरमध्ये तोच आकडा टाका. पाचव्या दिवशी कंटाळा येतो, "काल ३२ होता तर आज पण ३२ असेल", असं नका करू. आमच्या ग्रुपमध्ये एकाला ३६ चा टँक मिळाला होता, त्याने मोजला म्हणून कळलं.

सामानाचं थोडं. इंदूरवाल्यांचा मुख्य प्रॉब्लेम समुद्रात नाही, विमानतळावर आहे. देशातल्या फ्लाईटला साधारण १५ किलो मिळतात आणि आंतरराष्ट्रीयला जास्त, त्यामुळे तिकीट वेगवेगळी काढली तर इंदूर-मुंबईलाच जादाचे पैसे भरून मोकळे. एकाच पीएनआरवर काढा. रेग्युलेटर, कम्प्युटर आणि मास्क केबिन बॅगेत, बाकीचं हरवलं तर बोटीवर भाड्याने मिळेल, पण तुमच्या चेहऱ्याला बसणारा मास्क मिळणार नाही. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक पण केबिनमध्येच, कात्री-सुरी चेक-इनमध्ये. सिक्युरिटीला रेग्युलेटरच्या नळ्या एक्स-रेमध्ये बघून हमखास थांबवतात. "ये क्या है?" "सर, पानी के अंदर सांस लेने का." "इंदौर में?" हे उत्तर मला अजून जमलेलं नाही.

एक छोटी डबी वेगळी भरा: ओ-रिंग, मास्कचा पट्टा, फिनचा पट्टा, जादाचा माऊथपीस, झिप टाय, कम्प्युटरची बॅटरी. भर समुद्रात दुकान नसतं, दीडशे रुपयांच्या पट्ट्यासाठी चार डाईव्ह घालवलेला माणूस मी पाहिलाय. बोटीवरच्या टँकला डिन लागतो की योक (रेग्युलेटर टँकला जोडायचे दोन प्रकार) हे आधी विचारून घ्या आणि गरज पडली तर ऍडाप्टर न्या. पाच मिलीमीटरचा सूट न्या, पाणी २७ अंश असलं तरी चौथ्या दिवसापासून थंडी वाजायला लागते. खाण्याचं न्या असं मी सांगणार नव्हतो, पण मी जिरावन (आमचा इंदुरी मसाला) आणि शेव नेली होती आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकी त्यांच्या फूल नावाच्या वालासारख्या कडधान्याच्या उसळीवर जिरावन घालून सगळ्यांना वाढत होता. म्हणजे न्याच.

तब्येत आणि कागद. मेडिकल फॉर्मवर खोटं लिहू नका, दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन काही असेल तर डॉक्टरची सही आधी घ्या, आपल्या फॅमिली डॉक्टरला डायव्हिंगचं फार माहीत नसतं म्हणून फॉर्मबरोबर येणारी डॉक्टरांसाठीची पानं पण प्रिंट करून न्या. साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स स्कूबाला पुष्कळदा वगळतो, बारीक अक्षरं वाचा, आणि डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) सारखा डायव्हरांसाठीचा वेगळा विमा काढा. बेंड्स झाले (शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाले) तर जास्त दाबाच्या चेंबरमध्ये जी नेहमीची ट्रीटमेंट देतात त्यात १८ मीटरच्या दाबाला नेऊन ऑक्सिजन देतात आणि ती एक बैठक पावणेपाच तासांची असते, शिवाय डीडॅलसहून किनाऱ्यापर्यंत यायलाच तासन्‌तास. म्हणून बोटीवर चढल्याबरोबर विचारा, ऑक्सिजन किती आहे, कुठे आहे, कोणाला द्यायला येतो. लाजायचं काय त्यात.

बोट लागत असेल तर गोळी घरीच एकदा घेऊन बघा, घाटात वगैरे जाताना. आपल्या घरोघरी असते ती अॅव्होमिन झोप आणते, ती घेऊन ३० मीटरवर जायचं नाही, दुसरं काय चालेल ते डॉक्टरला विचारा. ब्रदर्सपर्यंतचा रात्रीचा प्रवास सहा-आठ तासांचा आणि वारा असला तर भांडी वाजतात, तेव्हा कळतं आपलं पोट किती पाण्यात आहे.

आता जे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगणार आहे ते डायव्हिंगचं नाहीच, बोटीचं आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाच्या बोटीला पहाटे आग लागली, खाली झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी असे ३४ जण गेले, रात्री जागं राहून फेरी मारणारं कोणी नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच तांबड्या समुद्रात सी स्टोरी नावाची बोट पहाटे उलटली, त्यात पण माणसं गेली. म्हणून बुकिंगच्या आधी ईमेलवर विचारा की रात्री पहाऱ्यावर कोण असतं, स्मोक डिटेक्टर आहेत का, खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का. उत्तर गोल गोल आलं तर दुसरी बोट बघा, सवलत कितीही असो. आणि पहिल्या दिवशी त्या दुसऱ्या वाटेने स्वतः सरपटत वर जाऊन बघा. मी गेलो, वरची झडप उघडेना, वर गाद्यांचा ढीग ठेवलेला. गाईडला सांगितलं, त्याने लगेच हलवला, पण मी गेलो नसतो तर तो आठवडाभर तिथेच असता ना. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या केबिनमध्ये चार्जिंगला लावून झोपायचं नाही, वर चार्जिंगची जागा असते तिथे, तेही आपण जागे असताना. पासपोर्ट, चष्मा, टॉर्च एका छोट्या पाऊचमध्ये उशाशी.

दिवस कसा जातो: पाच-साडेपाचला उठवतात, चहा, ब्रीफिंग, पहिली डाईव्ह सहाच्या सुमाराला, मग नाश्ता, झोप, डाईव्ह, जेवण, झोप, डाईव्ह. ब्रीफिंगला पूर्ण जागे राहा, गाईड फळ्यावर करंटचे बाण काढतो तेच सगळ्यात महत्त्वाचं.

झोडियाकवरून, म्हणजे छोट्या रबरी बोटीवरून, बऱ्याचदा निगेटिव्ह एंट्री असते, म्हणजे जॅकेटमध्ये हवा न ठेवता उलटं पडायचं आणि थेट खाली. इथे एका गोष्टीची सवय लावून घ्या. पडायच्या आधी गेजकडे बघत तीन-चार मोठे श्वास घ्या. सुई प्रत्येक श्वासाला हलत असेल तर टँकचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. वर हवा येते, दहा मीटरवर मात्र ओढूनही येत नाही, आणि तेव्हा तुम्ही दगडासारखे खाली चाललेले असता. जॅकेटमधली उरलेली हवा तोंडाने ओढून काढा. कान पाण्यात पडायच्या आधीच एकदा मोकळे करा. आणि कान मोकळे होत नसतील तर थांबा, ग्रुप गेला तर जाऊ दे.

डीडॅलसच्या उत्तर टोकाला हॅमरहेडसाठी भिंत सोडून निळ्यात जातात. चारी बाजूंना निळं, खाली निळं, डोळ्याला पकडायला काही नाही, तुम्ही वर चाललात की खाली हे फक्त कम्प्युटर सांगतो. दुसऱ्या ट्रिपला आम्ही तिथे होतो, सात-आठ हॅमरहेड खालून गेले, आम्ही बघत राहिलो, आणि भिंतीकडे वळलो तर भिंत नाहीच. करंटने बाजूला काढलेलं. पोहत शोधायला जायचं नाही, हे ठरलेलं होतं. दोघं जवळ आलो, फुगा सोडला, पाच मीटरवर स्टॉप केला आणि वर येऊन जॅकेट फुगवून बसलो. बोट दिसत होती, हाताच्या नखाएवढी. २५ मिनिटं. फुगा ताठ धरून ठेवायचा, झोडियाकचा आवाज आला की शिट्टी. त्या २५ मिनिटांत मी सोसायटीच्या पूलला जेवढा दुवा दिला तेवढा कोणालाच दिला नसेल.

लाँगिमॅनस असेल तर पृष्ठभागावर रेंगाळू नका, पाय मारत पसरून पोहू नका. पाण्यात उभे राहा, ग्रुपला चिकटून, तो जिकडे जाईल तिकडे तोंड करा, जवळ आलाच तर शांतपणे भिंतीकडे किंवा बोटीकडे सरका. तो जिज्ञासू आहे आणि चक्कर लहान लहान करत येतो. फोटोसाठी मागे जाणाऱ्या माणसाचे बडी होऊ नका. झोडियाकवर चढताना आधी वजनं, मग जॅकेट-टँक वर द्या, फिन सगळ्यात शेवटी, आणि एक हात दोरीवर.

एखादी डाईव्ह सोडा. पैसे भरलेत म्हणून सगळ्या मारायच्याच असं काही नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी अंग जड वाटलं, झोप झाली नाही, कान भरला, की सरळ "मी नाही" म्हणा. आमच्याकडे जी सगळ्यात जास्त अनुभवी होती, ती पहिल्या ट्रिपवाली माझी बडी, तिने एल्फिन्स्टनची दुपारची डाईव्ह सोडून डेकवर पुस्तक वाचलं. ती दोन हजारांवर डाईव्ह झालेली बाई. मी गेलो, करंट इतका की दहा मिनिटांत वर.

पैशांचं: बोटीच्या भाड्यात मरीन पार्कची फी, इंधनाचा सरचार्ज, नायट्रॉक्स, भाड्याचं सामान, टिप यातलं काय धरलंय आणि काय बोटीवर युरोत रोख द्यायचंय ते लेखी घ्या. टिप द्या, ती पोरं टँक उचलून उचलून दमलेली असतात.

परतीचं विमान. अनेक दिवस रोज दोन-तीन डाईव्ह केल्या की शेवटच्या डाईव्हनंतर किमान १८ तास विमान नाही, मी २४ धरतो. मधल्या दिवसात लक्झर बघायचा मोह होतो, देवळं बघा, पण तिथलं ते प्रसिद्ध हॉट एअर बलून त्या २४ तासांत नको, उंची ती उंचीच. आणि लक्षात ठेवा, आपलं इंदूरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, विमानाची वेळ पाळली की त्याची वेगळी काळजी नाही एवढंच.

घरी आल्यावर सगळं सामान गोड्या पाण्यात रात्रभर, रेग्युलेटरची धूळटोपी लावून मगच, नाहीतर पाणी आत जातं. सूट सावलीत वाळवा. आमच्या गॅलरीत दोन दिवस तो काळा सूट लटकत होता तर समोरच्या काकूंनी आईला फोन करून विचारलं, "अहो, गॅलरीत कोण उभं आहे केव्हाचं?" आणि सर्व्हिसिंगला रेग्युलेटर मुंबईला पाठवायचा तो आल्या आल्याच पाठवा, ट्रिपच्या आधीच्या आठवड्यात पाठवला की परत येत नाही वेळेवर, आणि आलाच तरी पूलमध्ये एकदा वापरून बघितल्याशिवाय समुद्रात नेऊ नका.